वॉल्टरचे बूट

भुईगाव, शुक्रवार

प्रिय जितेश,

आशीर्वाद शेवटी बघू, आधी वाच. काल माणिकपूरला जाऊन तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवलास. मग काय, चौथीपर्यंतचं अक्षर बाहेर काढलं. फेबियन मुंबईला कामावर येतो, त्याच्या हाती पत्र देते. त्याच्यासमोर वाच.

वाडीत बरं आहे. केळीला घड एवढे लागलेत की टेकू पुरत नाहीत. तुझी आई तुझं नवं कार्ड येईल-जाईल त्याला दाखवते. दिवाळीत मी तुला विचारलं होतं, खेळाडूंचा एजंट व्हायला लागतं काय? तू बोटांवर मोजून सांगितलंस, ओळखी पाहिजेत, कायदा कळला पाहिजे, चार लोकांत बोलता आलं पाहिजे, कोट पाहिजे. मी ऐकून घेतलं. कोट बरा आहे, खांद्यात जरा ढगळ आहे.

बुधवारी शेजारच्या हिल्डाचा वॉल्टर वाडीतून गेला. फुटबॉल पायाला बांधल्यासारखा धावणारा पोरगा, पाट ओलांडायला माझा हात मागत होता. ओट्यावर बसवून विजार वर करायला लावली. गुडघा कसला, पपनस झालंय त्याचं. आधी म्हणाला, काही नाही आजी. चहा पोटात गेल्यावर बोलला. रविवारी गोव्याच्या क्लबाची माणसं बघायला येणार, तर जितू म्हणतो दुखणं दाबायची सुई टोचून घे आणि खेळ, सही झाली की मग गुडघ्याचं बघू. आणि डॉक्टर काय म्हणाला, ते दोनदा विचारल्यावर सांगितलं. या पायावर खेळलास तर पुन्हा धावशील याचा भरवसा नाही, असं म्हणालाय. तुला हे ठाऊक होतं, हिल्डाला नाही. काल चर्चमधून येताना ती मला म्हणते, जितू आहे ना त्याच्या पाठीशी, मला घोर नाही. मी तोंड फिरवून चालू लागले. ही वेळ तू आणलीस माझ्यावर.

टेकू घडाला खालून लावतात रे. तू घडावरच चढून बसलास. तुझा हा पहिला खेळाडू, कळतं मला. पण पाय त्याचा आहे.

आता पत्र कशाला लिहिलं ते सांगते. वॉल्टरला मी चांदीपला तुझ्या आत्याकडे धाडलंय. आज सकाळी हिल्डाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, जितूला माहीत होतं? मी हो म्हटलं. वॉल्टरचे बूट माझ्या तांदळाच्या पिंपात आहेत. रविवारी ती माणसं मैदानावर येतील, तेव्हा त्यांच्यासमोर तू उभं राहायचं आणि सांगायचं, माझा खेळाडू खेळणार नाही, आणि का ते. जमलं तर तिथून सरळ घरी ये. बूट तुझ्या हातात देते, त्याचा एजंट म्हणून हिल्डाच्या दारात तूच घेऊन जा. नाही जमलं तर मीच देऊन येईन, मग तू तो कोट घालून कुठेही फिर. आशीर्वादही बुटांबरोबरच ठेवलाय.

तुझीच, रविवारपर्यंत तरी,
चंद्रकांता आजी