आधी कोण पिणार

आई, कादंबऱ्या वाचत बसणाऱ्या बायकांचा तुला भारी राग, आणि मी गेले काही दिवस लोकांचे ब्लाऊज बाजूला सारून दुकानात कादंबरीच वाचतेय. तीसुद्धा कसली, तर दुसऱ्या ग्रहावरची. तुझ्या नातीने दिली. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता बारावी झाली. असली पुस्तकं वाचून पोरांची डोकी फिरतात, असं मी एकदा बोलून गेले, तर मैत्रिणीचं ते जाडजूड पुस्तक तिने माझ्या शिलाई मशीनवर आणून आपटलं. म्हणाली, "आधी वाच आई, मग बोल." हिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे भांडायलाही दुसरं कुणी नाही. वाचायला घेतलं.

गोष्ट अशी, की सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी आणि तेवढाच एक मुलगा. त्यांचं यान एका ओसाड ग्रहावर कोसळतं आणि हे दोघंच तेवढे वाचतात. आभाळात दोन सूर्य, खाली नुसता फुफाटा, पाण्याचा टिपूस नाही. लांब कुठेतरी माणसांचं जुनं ठाणं आहे, तिथवर चालत पोचले तर जगतील. पाणी पाठीवरच्या पिशव्यांत असेल तेवढंच. आणि अशा वेळी ही दोघं प्रेमात पडतात! घशाला कोरड पडलीय आणि हे डोळ्यांत डोळे घालून बसलेत. मला असं हसू आलं म्हणतेस! म्हटलं, यांना आपल्या जामखेडच्या उन्हात एक दिवस टँकरची वाट बघत बसवा, मग बघू कुणाला कुणाचे डोळे दिसतात ते. लिहिणाऱ्याने जन्मात कधी हंडा उचललेला नसणार.

पण पुढे तो मुलगा काय करतो, तर ती झोपली की आपल्या पिशवीतलं पाणी गुपचूप तिच्या पिशवीत ओततो. सकाळी तिने विचारलं की म्हणतो, "मी केव्हाच प्यायलो." आणि ती येडी मान डोलावते आणि पिते! माझं डोकंच फिरलं. अगं बये, त्याचे ओठ बघ ना फुटलेत ते! हे बहुतेक मोठ्यानेच बोलले, कारण माप द्यायला आलेली बाई दचकली. ती गेली, मी ते पान परत वाचलं आणि मला रडू फुटलं. का, ते फक्त तुलाच कळेल, आणि सांगायची लाजही तुझीच वाटते.

दुष्काळाचं वर्ष, मी लहान. टँकर येतो. आडात पाणी सोडतो आणि बाया दोर घेऊन तुटून पडतात. तू डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन येतेस. आम्ही तिघं भावंडं उंबऱ्यात तोंड वासून बसलेलो. तू हंडे उतरवतेस, तांब्या बुडवतेस आणि आधी स्वतः पितेस. मान वर करून, घटाघटा, अख्खा तांब्या. मग आम्हाला देतेस. आजी भिंतीला टेकून करवादायची, "लेकरं वाळून चालल्यात, आन् ही बया आधी सवताच्या नरड्यात वतती." तू पदराने तोंड पुसायचीस आणि म्हणायचीस, "मी पडले तर पानी कोन आनील, आत्याबाई? तुमी?" तुझ्यापुढे कुणाचं काय चाललंय!

तुझं बरोबरच होतं. तिघंही जगलो, धडधाकट निघालो. पण तुझा तो वर-खाली होणारा गळा बघताना मला काय वाटायचं सांगू? एकदा तरी तू म्हणावंस, माझं पिऊन झालंय, हे तू पी. खोटं का होईना. एवढ्या वर्षांनी ते वाक्य मला सापडलं ते या पोरखेळाच्या पुस्तकात. आणि पुस्तक तरी किती खोटारडं! ठाण्याच्या दारात तो मुलगा कोसळतो, ती त्याला ओढत आत नेते, तोंडात पाणी घालते आणि हा लगेच उठून तिचा मुका घेतो. पाण्यावाचून पडलेला माणूस असा उठत नाही, ते तू आणि मी पाहिलंय. तरी ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आता खरं सांगते. तुझ्या नातीचा नगरला नर्सिंगला नंबर लागलाय. हो, नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच. पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात मला मशीनवर चक्कर आली. साखर वाढली होती. पाय मशीनच्या पायडलवरच होता, सुई बोटातून आरपार गेली. पोरीने चाक उलटं फिरवून सुई वर काढली, बोट दाबून धरलं, पट्टी बांधली. हात जरासुद्धा थरथरला नाही तिचा. आणि दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणते, "मला नाही जमायचं ते नर्सिंग. रक्त बघितलं की कसंतरीच होतं. इथल्याच कॉलेजात जाते मी." मी म्हटलं, "बरं."

त्या पुस्तकातल्या मुलीला मी येडी म्हणाले. ती निदान सतरा वर्षांची होती.

नगरला जाऊन प्रवेश पक्का करायचा उद्या शेवटचा दिवस. ती आत्ता पुस्तक परत द्यायला मैत्रिणीकडे गेलीय. आली की तिला सांगणार आहे, तुझ्याच शब्दांत, की तू पडलीस तर पाणी कोण आणील? आधी तू पी. सकाळची पहिली एसटी धर, मी माझ्या गोळ्या घेईन, मरत नाही मी. भांडेल, रडेल. भांडू दे. हा कागद कुठे जायचा नाही, मापं लिहून झालेल्या कागदाच्या पाठीवर लिहितेय, ती आली की चुरगळून चिंध्यांत टाकीन.

फक्त एक. पुस्तक वाचल्यावर माझे डोळे उघडले असं काही नाही, आई. भाकरी थापताना ती बोलली ना, तेव्हाच, तिथल्या तिथे मला कळलं होतं की पोरगी खोटं बोलतेय. तरी मी बरं म्हणाले. जिवाला इतकं गार वाटलं.