न विचारता विणायला घेतलेली चटई

सामोआ, रविवार, संध्याकाळ

प्रिय तेलेसिया,

तुझा निरोप फोनवर पुन्हा पुन्हा ऐकला. पहाटे समुद्रावर होडी वल्हवायला, तिथून ओल्या केसांनी सिस्टरांच्या चॅपेलमध्ये, मग प्रयोगशाळा, आणि शेवटी रसायनशास्त्राच्या पुस्तकावरच डोकं टेकून झोप. "आत्ते, मी दमलेय गं," म्हणालीस आणि फोन ठेवलास. मीही दमलेय. त्यामुळे हे पत्र सरळ रेषेत चालणार नाही, येईल तसं वाच. फोनवर बोलले असते, पण आपल्या गावात फोनला दहा कान असतात, आणि आयुष्यभर आपियाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको.

तू आईला एवढंच सांगितलं होतंस, की तिकडे फिजीत शिकता शिकता सुव्याच्या सिस्टरांकडे दोन दिवस राहून बघते. तिनं ते गायनमंडळाच्या लोसालियाला सांगितलं, लोसालियानं फादर कामिलोंना, आणि पुढच्याच रविवारी फादरांनी वेदीपुढे उभं राहून जाहीर केलं, आपल्या गावातून पहिली सिस्टर जाणार, सेतेफानोची तेलेसिया! टाळ्या काय, रडणं काय. तुझा बाप, माझा भाऊ, डुक्कर मारताना ज्याची पापणी हलत नाही, तो बाहीला नाक पुसत होता. मिस्सा संपल्यावर मी फादरांना गाठलं आणि विचारलं, पोरीला कुणी विचारलंय का? तर म्हणाले, "अकेनेसे, देवाचं बोलावणं आलंय. त्यात विचारायचं काय?" मी म्हटलं, "बोलावणं तिला आलंय ना, फादर? मग उत्तर तुम्ही का देताय? आमच्या एक्सचेंजमध्ये दुसऱ्याच्या फोनवर बोललं की नोकरी जायची." ते हसले. तरुण आहेत. म्हातारी रागावली की त्यांना गंमत वाटते.

मग तू सिस्टर होशील त्या दिवसासाठी बायकांनी चटई विणायला घेतली. साधी नव्हे, बारीक, मानाची. केवड्याची पानं उकळायची, वाळवायची, दोऱ्यासारखी चिरायची आणि कापडाइतकी मऊ वीण येईपर्यंत पाठ मोडून बसायचं. वर्ष जातं एका चटईत. आणि अशी चटई ज्याच्या नावानं सुरू होते, त्यानं मग मागे फिरायचं नसतं. फिरला तर सगळ्या घराची मान खाली. हे लोसालियाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर एवढी घाई. मीही जाऊन बसते त्यांच्यात. खांदा धरतो, डोळ्यांना पाणी येतं, तरी बसते, कारण काय बोलतात ते ऐकायचं असतं. परवा एक म्हणाली, "ती होडी वल्हवते म्हणे, चड्डीवर!" लोसालिया म्हणाली, "झगा घातला की झाकतील ते दंड." सगळ्या खिदळल्या. मी म्हटलं, "त्या दंडांनी तिच्या चमूला पदक मिळवून दिलंय. तुमच्या दंडांनी बिंगोच्या सोंगट्यांशिवाय काय उचललंय?" मग जरा शांततेत विणणं झालं.

माझा सिस्टरांवर राग आहे असं समजू नकोस. मला त्यांनीच शिकवलं. इंग्रजी दिलं, ताठ बसायला लावलं, छड्याही दिल्या. सिस्टर बेनेडिक्टा शाळेचं गळकं छप्पर स्वतः वर चढून दुरुस्त करायची आणि वरूनच आम्हाला पाढे विचारायची. ती आपल्या मर्जीनं आली होती, ते तिच्या हसण्यावरून कळायचं. आणि दुसरी एक होती, नाव घेत नाही, मेलेल्या माणसाबद्दल कशाला बोला. तिला घरच्यांनी नवसात दिली होती. आमचे कान पिळताना ती कुणावर चिडलेली असायची, ते आम्हाला लहानपणी समजत नव्हतं. मला आता समजतं. तुझं तसं झालेलं मला बघायचं नाही.

तू निरोपात सांगितलेल्या तिकडच्या सिस्टर फिलोमेना मला न भेटताच आवडल्या. "परीक्षा दे, शर्यत वल्हव, मग ये माझ्याकडे. देव कुठे पळून जातोय?" असं म्हणणारी बाई देवाला ओळखत असणार. पण तू जे पुढे बोललीस, त्यानं माझी झोप उडाली. चॅपेलमध्ये बसलं की बरं वाटतं, म्हणालीस, इतकं बरं की कधीकधी हो म्हणावंसं वाटतं. पण ते हो माझं आहे, की आईच्या तोंडाकडे बघून आलंय, की त्या चटईमुळे, हेच कळेनासं झालंय. पोरी, हे तुला कळलंच पाहिजे. आणि इथे एवढा गलबला असताना ते कसं कळणार?

म्हणून आज मी एक गोष्ट केली, आणि ती दुसऱ्या कुणी तुला सांगण्याआधी मी सांगतेय. भावानं बहिणीचा शब्द मोडायचा नाही, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. उभ्या जन्मात मी ती सेतेफानोवर चालवली नव्हती. आज दुपारी सगळे जेवायला बसले असताना चालवली. "सेतेफानो, बहीण म्हणून सांगते. तेलेसिया स्वतः बोलेपर्यंत तिचं नाव वेदीवरून घ्यायचं नाही, तिच्या मागे कुणी लागायचं नाही, आणि ती चटई तिची नव्हे. गावात लग्नं आहेत, मयतं आहेत, कुणाच्याही नावानं विणा." तुझी आई ताटावरून उठून गेली. सेतेफानोनं हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "शब्द तुझा." त्यानंतर माझ्याशी अक्षर बोलला नाही. निघताना दर रविवारी मला नीरफणस आणि अळूची पानं बांधून देतात, तीही आज कुणी दिली नाहीत. चालेल. काही दिवस पावावर काढीन. तुला एवढंच कळवायचं होतं, की वाट मोकळी आहे. हो म्हण, नाही म्हण, आणखी दोन वर्षं काहीच म्हणू नकोस. मलाही उत्तर पाठवायची गरज नाही. नाताळात तुला घ्यायला अख्खं गायनमंडळ हार घेऊन विमानतळावर येणार होतं. आता बहुतेक कुणी येणार नाही. मी येईन. बस रखडली तर बाहेर बाकावर बसून राहा. आपण घरी येईपर्यंत फक्त होडीबद्दल बोलू.

तुझीच, तुझ्या घरात सध्या नकोशी झालेली,
आत्या अकेनेसे