न उमटलेला अंगठा

कोल्हापूर, १२ मार्च १९७४

आजऱ्याच्या गंगूबाईंच्या छोट्या काजू कारखान्यासाठी अनुदानाचा अर्ज मीच लिहिला, चांगला जड संस्कृत समासांनी सजवून. आज कचेरीत त्यांचा अंगठा घेतला, तर कागदावर नुसता जांभळा डाग. टरफलांच्या तेलाने जळून बोटांवरच्या रेषाच गेल्यात.

"अंगठा उमटंना की, बाई! दिराला बोलवा, त्याच्या नावावर करू," कारकून म्हणाला.

"काजू त्यो फोडतोय व्हय?" गंगूबाईंनी विचारलं.

दीर बाहेर चहा पीत होता. त्याने आजवर काजू फक्त खाल्लाय. अंगठा मात्र सुरेख उमटला. अर्जात मालक म्हणून त्याचं नाव चढलं; अनुदान त्याचं झालं. कारखानाही.

रात्री जेवताना मला ताटात तो जांभळा डाग दिसत राहिला. अर्जासाठी गंगूबाई तीन दुपारी माझ्यासमोर बसल्या होत्या. मी समास जुळवत होतो. तेवढ्यात सही शिकवून झाली असती.