नकाशा कोणाच्या मांडीवर होता

२ मार्च

प्रिय क्लच,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते शिष्टाचार म्हणून विचारते, उत्तरात त्यांच्यावर दोन पानं खर्च करू नकोस. माझं ठीक चाललंय. मुलगा, सून, नात सगळे मजेत आहेत आणि मलाही मजेत ठेवण्यासाठी हात धुऊन मागे लागले आहेत.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि या घरात सगळं सगळ्यांना ऐकू जातं. ओळी वर-खाली होताहेत त्याकडे लक्ष देऊ नकोस. मुलाने माझ्या खोलीत वीज वाचवणारा दिवा बसवला आहे. तो उजेडही वाचवतो. त्यात वर्तमानपत्रवाल्यांनी शाई पातळ करायला घेतली आहे, अग्रलेख वाचायचा म्हणजे राखेतून अक्षरं वेचायची. मी संपादकाला खरमरीत पत्र पाठवलं आहे.

यंदा तंबू कुठे ठोकायचा, असं तू विचारलं आहेस. कसला तंबू आणि कसलं काय. ऑक्टोबरपासून मी सातव्या मजल्यावर आहे. मुलाने दाराला वरच्या अंगाला एक कडी लावली, माझा हात पोचणार नाही इतकी उंच. म्हणाला, "आई, ही चोरांसाठी आहे." चोर घरात राहून बाहेर जायला बघतात हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. शिवाय माझ्या फोनमध्ये काहीतरी घालून ठेवलं आहे. सुनेबरोबर खाली कोपऱ्यापर्यंत गेले तरी त्याच्या ऑफिसात एक ठिपका चालायला लागतो. चाळीस वर्षं नकाशा कार्यालयात बसून मी गावोगावचे ठिपके दिले, आता मीच ठिपका झाले.

सून वाईट नाही, हीच तर अडचण आहे. वाईट असती तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते. ती हसून म्हणते, "आई, तुम्ही फक्त आराम करा." आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत तो विषयच नव्हता. मी सकाळी खिडकीतली खुर्ची गॅलरीत नेते आणि दुपारी गॅलरीतली खिडकीत आणते. झाला माझा प्रवास.

परवा आपली गोळी येऊन गेली. औषधांच्या दुकानात परत बसायला लागली आहे. बारीक झाली आहे, पण जिभेचं वजन तेवढंच आहे. मरता मरता वाचली ती, आणि गावभर हिंडते तीच. आपण दोघी धडधाकट, आणि आपण कुलपात. निघताना म्हणाली, "मला झालं ते झालं. पण तुम्ही दोघी कसली शिक्षा भोगताय?" मी तिला छत्री विसरू नकोस म्हटलं. छत्री तिने आणलीच नव्हती.

तुझ्या लेकीने गाडीच्या किल्ल्या अजून दिल्या नाहीत हे वाचून अंगाचा तिळपापड झाला. पस्तीस वर्षं तू ड्रायव्हिंग स्कूल चालवलंस, निम्म्या गावाच्या बायकांना गाडी शिकवलीस, त्यात तीही आली. आणि आता ती तुला सांगते, "आई, तुझा अंदाज चुकायला लागलाय." तिला म्हणावं, आधी स्वतःची गाडी खांबाला न घासता फाटकातून काढून दाखव.

ऑक्टोबरातल्या त्या प्रकाराबद्दल मला काही लिहायचं नाही. झालं गेलं.

तुझी,
पट्टी


११ मार्च

प्रिय क्लच,

तुझं पत्र काल आलं. तब्येतीची चौकशी पुढच्या वेळी करीन, आज डोकं ठिकाणावर नाही.

गाडी विकायची म्हणजे काय? चोवीस तारखेच्या रविवारी गिऱ्हाईक येणार आणि आपली गाडी घेऊन जाणार, तिचं फिरतं केशकर्तनालय करणार. ज्या बाकावर आपण नऊ वर्षं झोपलो त्यावर बसून लोक दाढ्या करून घेणार. आणि तू लिहितेस, "जाऊ दे, उगीच अंगणात जागा अडवते."

तुला आठवतं, ती आपण घेतली तेव्हा सगळे हसले होते. तीन साठीच्या बायका आणि एक मोडीत निघालेली रुग्णवाहिका. तू म्हणालीस, "नाहीतरी पुढेमागे तिच्यात बसायचंच आहे, आता हौसेने बसू." लाल पट्टा तू मुद्दाम खरवडला नाहीस, म्हणून चौकाचौकात लोक आदराने बाजूला व्हायचे. गोळी मागच्या बाकावर उताणी पडून कण्हल्याचं सोंग करायची. तळ्याकाठी आपण बटाटे भाजले, धरणामागे तंबू वाऱ्याने उडाला तेव्हा तू त्याच्यामागे चपला हातात घेऊन धावलीस, आणि त्या डोंगरावर तीन दिवस आपल्याला एक माणूस दिसला नाही आणि एकीलाही करमेनासं झालं नाही. गाडीत कायदा एकच होता. नकाशा जिच्या मांडीवर, शब्द तिचा. ड्रायव्हरने वाद घालायचा नाही. फोनमधली ती बाई, उजवीकडे वळा डावीकडे वळा सांगणारी, तिला तर आपण गाडीत पाऊलही ठेवू दिलं नाही. मीच ठेवू दिलं नाही.

पण विक्रीपेक्षा तुझ्या पत्रातलं दुसरं एक वाक्य माझ्या घशात अडकलं आहे. तू लिहितेस, "ऑक्टोबरात खाणीच्या फाट्यावर मीच वळले असेन बहुतेक. आता नीट आठवत नाही. मलाच माझा भरवसा वाटेनासा झालाय." हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू असं लिहू नकोस. तू कोण आहेस हे तुला कोणी सांगायला पाहिजे का? घाटात ब्रेक गेला तेव्हा बडबड न थांबवता गाडी गिअरवर उतरवून आणलेली बाई तू.

नकाशा जुना होता, हे लक्षात घे. बावीस वर्षांपूर्वीचा. त्यानंतर खाण बंद झाली, तळं आटलं, रस्ते बदलले. कार्यालयाने तो सुधारायला हवा होता. मी असते तर सुधारला असता. दोष द्यायचाच तर त्यांना दे, म्हणजे

सून दारात उभी राहून विचारते आहे, इतकं काय लिहिताय. उरलेलं नंतर लिहीन.

पट्टी


१९ मार्च

क्लच,

नमस्कार-चमत्कार राहू दे. आठ दिवस मी "उरलेलं नंतर" या शब्दांवर बसून आहे. आता लिहिते.

तू वळली नव्हतीस. मी वळवलं. बंद खाणीच्या फाट्यावर तू गाडी थांबवलीस आणि विचारलंस, "पट्टे, हा रस्ता पक्का आहे का गं?" मी म्हटलं, पक्का. तू खिडकीतून वाकून बघितलंस आणि पुन्हा विचारलंस, "मला माती ओली वाटते. एकदा नीट बघ." मी म्हणाले, "नकाशा माझ्या मांडीवर आहे की तुझ्या?" तू हसलीस आणि गिअर टाकलास. शब्द न् शब्द असेच होते. तुझी आठवण शाबूत आहे. लोकांसमोर माझी चूक अंगावर घेऊन घेऊन तुला ती आपलीच वाटायला लागली आहे.

नकाशात अखंड रेघ म्हणजे बारमाही रस्ता. तुटक रेघ म्हणजे पायवाट, गाडी घालू नये. तळ्याकडे उतरणारी रेघ तुटक होती. मला कसं ठाऊक म्हणशील, तर ती मीच काढली होती. टाकाने, एक मिलिमीटर रेघ, अर्धा मिलिमीटर फट, सगळ्या कार्यालयात तितकी बारीक फट फक्त माझ्या हाताला जमायची. त्या सकाळी मला तिच्यात एकही फट दिसली नाही.

इथपर्यंत तुला अंदाज असेलच. तुला वाटलं असेल, म्हातारी चुकली, माणूस आहे, पांघरूण घालू. म्हणून दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये तुझ्या लेकीने "हा रस्ता घेतला कोणी?" असं विचारलं तेव्हा तू लगेच म्हणालीस, "मी. गाडी माझ्या हातात होती." मी शेजारी उभी होते. समोर भेटीच्या वेळांचा फलक होता, तो मी वाचत राहिले. खरं तर तोही मला वाचता येत नव्हता.

पण मी चुकले नव्हते, क्लच. मी लपवलं होतं.

जूनमध्येच डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. कडेचं दिसेल, मधलं जात राहील, आणि जे दिसत नाही तिथे मेंदू आपल्या मनाने भरणा करील. चष्म्याचा उपयोग नाही. बारीक काम बंद, एकटीने रस्ता ओलांडणं बंद. मी त्याला म्हटलं, तुमचा तक्ता कळकट आहे. चिठ्ठी घेऊन घरी आले आणि शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवली. मुलाला सांगितलं, नजर ठणठणीत आहे. ऑक्टोबरात तुमच्याबरोबर गाडीत बसले, नकाशा मांडीवर पसरला. पिशवीत भिंग होतं. फाट्यावर ते काढलं असतं तर गोळीने विचारलं असतं, हे कधीपासून. म्हणून काढलं नाही.

ते भिंग मी काढलं नाही म्हणून आपण चाकांच्या वरपर्यंत चिखलात रुतलो. गाडी कलली, मागचं दार चिखलात दाबलं गेलं, पुढचं तुझ्या खांद्यानेही हलेना, आणि फोनला रेंज नाही. एवढी जाडजूड मी, खिडकीतून अर्धी बाहेर आणि अर्धी आत, आणि गोळी तशाही स्थितीत म्हणाली, "हिला असंच राहू द्या, बूच बसलंय." मग उन्हाने गाडीची भट्टी झाली, पेटीतला बर्फ वितळला, गोळीचं इन्सुलिन खराब झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती विनोद करायची थांबली. मुरूम वाहणारा ट्रकवाला यायच्या आधीचा तो एक तास मला रोज दिसतो, आणि तो दिसायला डोळे लागत नाहीत. तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून तू म्हणत होतीस, "मी ऐकायला नको होतं, मी उतरून बघायला हवं होतं." तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी तुझ्या पाठीवर हात फिरवत होते. सांत्वन करत होते तुझं. त्या हाताची मला किळस येते.

का बोलले नाही, तर भीतीने. मुलाने आत्ता कडी लावली आहे ती नुसत्या काळजीने. डोळ्यांचं कळलं असतं तर दिवसभराची बाई आली असती, गॅस बंद, कात्री बंद, लिहिणं बंद. स्वतःची खिडकी आणि गॅलरी वाचवण्यासाठी मी तुझे सगळे रस्ते दिले. आणि वर तुझ्या लेकीला नावं ठेवली. चोराच्या उलट्या बोंबा यालाच म्हणतात.

आज सकाळी नाश्त्याला मुलाला सांगितलं. तो बराच वेळ ब्रेडला लोणी लावत राहिला. मग म्हणाला, "जूनपासून?" मी म्हटलं, हो. सून उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली. सोमवारपासून बाई येणार आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तिला अग्रलेख वाचून दाखवता येईल का, एवढं मी विचारून घेतलं. गोळीला दुकानात फोन केला. ती म्हणाली, "बरं, कळलं," आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. तिने पुन्हा केलेला नाही. तो तिचा हक्क आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. हे पत्र लेकीसमोर धर आणि तिला चिठ्ठीवरची तारीख बघायला सांग. जून आहे. तुझा अंदाज चुकला नव्हता. माती ओली आहे हे तुला गाडीत बसून कळलं होतं. हे माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर फोन करायला सांग, आता घरात कोणी ऐकलं तरी चालेल. रविवारच्या गिऱ्हाइकाला परत पाठव. किल्ल्या मागून घे, आणि मागताना आवाज बारीक करू नकोस. शेजारच्या सीटवर चांगले डोळे असलेली कोणीतरी बसव, आणि तिने पक्का म्हटलं तरी उतरून बघ.

मला क्षमा कर असं लिहिणार होते, पण ते पुन्हा माझ्याच सोयीचं होईल. तुला राग येईल तो येऊ दे, पत्राने कळव. मोठ्या अक्षरात लिही, काळ्या शाईने. वाचायला वेळ लागेल, पण मी कोणाला वाचायला देणार नाही.

जिच्यामुळे तू पाच महिने स्वतःवरचा विश्वास गमावून बसलीस,
ती
पट्टी