मागच्या खोलीची अरुंद चौकट

"मी आहे ना तुला उचलायला, मग परक्यांपुढे हात कशाला पसरायचे?" असे माझी थोरली बहीण अकरा वर्षांपूर्वी म्हणाली होती. मृत्युपत्र लिहायला बसले आणि आधी तेच आठवले, म्हणून आधी तेच लिहिले.

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा शिवणकाम. माझे डोके ठिकाणावर आहे. कंबरेखालचे शरीर साथ देत नाही, पण या कामाला ते लागत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. गिऱ्हाइकाचा पडदा टांगताना मी शिडीवरून पडले. त्यानंतर ज्या संस्थेने काहीही न घेता माझी दारे रुंद केली, पायऱ्यांवर उतार घातला, ओटा खाली आणला, तिला हे घर द्यावे. दवाखान्यातून सुटलेल्या, पण स्वतःच्या घरात अजून शिरता न येणाऱ्या माणसांनी इथे राहावे. ओटा पुन्हा उंच करू नये.

२. इथे एक कबुली. संस्थेकडे अर्ज मी ताईला न सांगता केला. आठ महिने ती मला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात उचलून नेत होती. मला एकदा तिथे एकटीने जायचे होते, पण तिला ते कसे सांगावे हे सुचेना. संस्थेचा सुतार दारात उभा राहिला तेव्हाच तिला कळले.

जन्मभर मी लोकांची मापे घेतली. त्या दिवशी तो माझे घेत होता. "हात वर करा. दुखलं की थांबा," म्हणाला आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली.

"इतका बुटका ओटा? मी काय रांगत चहा करू?" ताई म्हणाली.

"ओटा यांच्यासाठी आहे ना, ताई."

काम संपले त्या दिवशी मी न्हाणीघरात एकटी गेले. "कडी लावू नकोस गं, छोटे," ती बाहेरून म्हणाली. मी लावली. आत मला हसू आवरेना. बाहेर आले तर ती आपल्या कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरत होती.

३. मागची खोली ताईची. तिथे तहहयात राहण्याचा हक्क तिचा. संस्थेने तो मानावा. सुतार विचारत होता, "हेही दार रुंद करू?" मी नको म्हटले. ती परत आली तर निदान तिची खोली तिला ओळखीची वाटावी. त्या चौकटीतून माझी खुर्ची जात नाही. लांब दांड्याचा झाडू पोचतो तेवढे मी झाडते, बाकीचे दारातून बघते.

४. पायाऐवजी कोपराने बटण दाबून चालणारे शिवणयंत्र संस्थेला. मोठी कात्री ताईला. पण तिने त्या कात्रीने औषधाची पाकिटे कापू नयेत. एकदा कापली होती, धार गेली होती.

५. ज्या बाईंचा पडदा टांगताना मी पडले, त्यांनी पुढच्याच आठवड्यात निरोप धाडला होता की पडदा एका बाजूने बोटभर आखूड आहे. उरलेले कापड कपाटात आहे. त्यांना पोचवावे.

सही: शिवणकामवाली
साक्षीदार: औषधांच्या दुकानाची मालकीण, शेजारचे निवृत्त मास्तर
ठिकाण: राहते घर. दिनांक ९ मार्च, सोमवार

याची एक प्रत आजच ताईला पाठवते आहे. पुढचे तिच्या प्रतीपुरते.

ताई, तू दुसऱ्या गावच्या दवाखान्यात परक्या माणसांना उचलतेस, आता तुझ्याच कंबरेला पट्टा आहे असे ऐकते. दर रविवारी फोनवर विचारतेस, "काही हवंय का?" मी नको म्हणते आणि तू फोन ठेवतेस. मला खरंच काही नको आहे. तरी आठ दिवस ये. कशालाही हात लावू नकोस, नुसती माझ्याजवळ बस. रजा मिळत नाही म्हणशील, माहीत आहे. तरी ये.