कोऱ्या बाटलीचा कागद

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार, मोठ्या बहिणीला करायचा तो, अगदी वाकून. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. बाबांना दोन महिन्यांत एकदाही फिट आली नाही. तू शिकवून गेलीस तसंच चाललंय, सकाळी अर्धी गोळी, रात्री अख्खी. अर्धी करताना मेलीचा निम्मा भुगाच होतो. मग तो भुगा बोटाने टिपून त्यांच्या जिभेवर ठेवते. "कणसुद्धा सोडत नाहीस, चिंगूस कुठली," म्हणून हसतात. तेवढ्यात खाली ऑफिसची गाडी हॉर्न मारते आणि मी हात रुमालाला पुसत जिना उतरते. रोजचीच तारांबळ.

फोन न करता लिहितेय, कारण तुमचं क्वार्टर कंपनीचं, आणि तुझी ती शेजारीण फोन वाजला की कपडे वाळत घालायला बाहेर येते. ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको.

आमच्या प्रयोगशाळेच्या मागे या वर्षीपासून नवं काम लागलंय. पाण्यात क्लोरीन किती, गढूळपणा किती, एवढ्यावर भागत नाही. औषधांचे अंश आहेत का, तेही बघायचं. मी पंपघर, मोठी टाकी आणि शहरातले चार नळ अशा सहा बाटल्या भरते, त्या वरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातात. तर ताई, सहाही बाटल्यांत फिट्सचं औषध निघालं! आता नदीच्या वरच्या अंगाला ते औषध बनवणारा कारखाना एकच, तुमचा. आणि त्या कारखान्याचं सांडपाणी साफ करून सोडायची जबाबदारी कोणाची, ते तुला सांगायला नको.

मी भाऊजींवर संशय घेत नाहीये, उगाच नाक फुगवू नकोस. फक्त एक विचारायचंय. परवा रविवारी तुम्ही दोघं आलात तेव्हा त्यांनी आमच्याकडचं पाणी तोंडाला लावलं नाही. मी ग्लास पुढे केला, तो त्यांनी हळूच बाजूला सरकवला आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. मी बघत होते. बाबांचं लक्ष नव्हतं, आणि तू तर मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतीस. इतकी वर्षं आमच्या नळाचं पाणी चालत होतं, आत्ताच काय झालं? त्यांना असं काय माहीत आहे, जे पिणाऱ्या आम्हाला माहीत नाही?

सहज विचारतेय. पण उत्तर लिहूनच पाठव.

तुझी शेंडेफळ

•

११ मार्च

ताई,

तू फोन आपटलास, म्हणून परत कागद. बाबा बरे आहेत. तू का येत नाहीस विचारतात, मी तुझ्या कामाचं निमित्त सांगते.

भाऊजींना घरी बसवलं हे ऐकून मलाही धक्का बसला. पण माझ्या नावाने खडे फोडून काय उपयोग? त्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट चौकशीवाल्यांपर्यंत कशी गेली, मला काय ठाऊक. आमचा ड्रायव्हर एक नंबरचा चोंबडा आहे, त्याने कुठून तरी ऐकली असेल. तुमच्या शेजारणीचंही काही सांगता येत नाही.

आणि तुझं ते भाऊजींच्या मूतखड्याचं. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी मोजून प्यायला सांगितलंय, म्हणून बाटलीवर रेघा मारल्यात, म्हणून जिथे जातील तिथे ती सोबत. असेलही. पण मग माझ्या पत्राला पाच आठवडे उत्तर का नाही दिलंस? एका ओळीचं तर काम होतं. मूतखडा ही काय लपवायची गोष्ट आहे? तू म्हणतेस, "सख्ख्या बहिणीने असलं विचारावं याचाच राग आला." मला मात्र वाटतं, तुम्ही दोघांनी बसून हे उत्तर जुळवलंय. वाटतं ते लिहिते, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

फोन आपटण्याआधी तू म्हणालीस, "आधी तुझे नमुने तपास." तपासले. सगळं नियमाने आहे. एक ती कोरी बाटली सोडली तर. ती नीट धुतलेली नव्हती. तो विषय वेगळा, सोड.

भाऊजी चारचौघांत काय म्हणायचे, आठवतं? "आमची मेहुणी काय करते, तर नळाखाली बाटल्या धरते." सगळे खो खो हसायचे, तूही. आता त्याच बाटल्यांसाठी मोठेमोठे साहेब गाड्या काढून येतात. मी खुशीत आहे असं समजू नकोस. पण तूही जरा विचार कर, त्यांची बायको म्हणून नाही, हेच पाणी पिणारी म्हणून.

तुझी बहीण

•

२६ एप्रिल

ताई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी नमस्कार. बाबांची तब्येत बरी आहे. उकाडा फार वाढलाय. गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, पुढच्या खोलीचे पडदे बदलले, बाबांच्या खुर्चीचा मोडका पाय सुताराकडून बसवून आणला. बघ, दीड महिन्याने लिहायला बसले आणि पडदे काय, खुर्ची काय!

चौकशीच्या साहेबांना भाऊजींच्या बाटलीचं मीच सांगितलं. ड्रायव्हरचा काही संबंध नाही, बिचारा. कोणी खोदून विचारलं नव्हतं. मी आपणहून खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं, "साहेब, ज्याच्या हातात सांडपाणी आहे तो माणूस आपल्या नळाचं पाणी पीत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय." ते लिहून घेत होते आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं, ताई. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं बोलणं लिहून घेत होतं.

एवढंच असतं तर तुझे पाय धरून मोकळी झाले असते. अजून आहे.

कोरी बाटली म्हणजे काय ते ऐक. नमुने भरायला जाताना सहा बाटल्यांबरोबर सातवी न्यायची. तिच्यात शुद्ध पाणी आधीच भरलेलं असतं. जागेवर तिचं झाकण उघडायचं, पुन्हा लावायचं, बस. तिच्यात काही निघता कामा नये. निघालंच, तर ते नळातून नाही, भरणाऱ्याच्या हातून आलं. जानेवारीत, पहिल्याच फेरीत, माझ्या कोऱ्या बाटलीत फिट्सचं औषध निघालं. बाकी सहांमध्ये होतं तेवढंच. वरच्या प्रयोगशाळेला बाटल्यांचे नुसते नंबर जातात, कोरी कुठली ते आमच्याच कागदावर असतं. मी त्या निकालावर "बाटली अस्वच्छ, रद्द" असं लिहून रेघ मारली आणि तो कागद फाईलला न लावता घरी आणला. दोनच दिवसांनी भाऊजींनी ग्लास सरकवला. मग काय, मला हवं होतं ते मिळालं. त्यानंतरच्या फेऱ्यांना कोरी बाटली मी गाडीतून बाहेरच काढली नाही. झाकण उघडलं नाही, त्यामुळे ती दर वेळी स्वच्छ निघाली.

चूक झाली असं म्हणून निभावलं असतं, पण ही चूक नाही. चूक फक्त पहिल्या दिवशीची.

या महिन्यात मोठ्या प्रयोगशाळेतून एक केमिस्टबाई आल्या. बोलायला गोड, पण बाटलीच्या आधी माणूस तपासतात. त्यांनी हातमोजे घालून त्याच सहा जागांचे नमुने स्वतः भरले. फिट्सचं औषध जवळजवळ नाहीच. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात हे औषध कोणी घेतं का हो? नखात राहिलेली पूडसुद्धा पुरते. मशीनचं नाक फार तिखट असतं."

मी म्हणाले, "नाही बाई, कोणीच नाही."

सकाळीच मी बाबांच्या जिभेवर भुगा ठेवून गेले होते. एका शब्दात मी त्यांना घरातून नाहीसं केलं. तेव्हापासून मी त्यांच्या आधीच एकटी जेवून घेते.

आता ऐक, याहून वाईट आहे ते. बाईंच्या नमुन्यांत दुसरंच औषध सापडलं, अँटिबायोटिक, आणि भरपूर. आमच्या फ्रीझरमधल्या जुन्या बाटल्याही त्यांनी तपासून घेतल्या. फेब्रुवारीत ते नाही. मार्चच्या मध्यापासून आहे, म्हणजे भाऊजी घरी बसले तेव्हापासून. ते म्हणायचे ना, "हौदात माझी जनावरं आहेत, त्यांना वेळच्या वेळी खायला घालावं लागतं"? आपण दोघी नाक मुरडायचो. ते जंतूच कारखान्याचं सांडपाणी खाऊन साफ करतात. अँटिबायोटिकची भांडी धुतलेलं पाणी आलं की भाऊजी ते वेगळं अडवून ठेवायचे, नाहीतर जनावरं मरायची. नव्या माणसाला हे कोणी सांगितलंच नाही. त्याने सगळं एकत्र सोडलं. बाई कारखान्यात जाऊन आल्या, म्हणाल्या हौद काळा पडलाय, नुसती दुर्गंधी. आता जे येतं ते तसंच नदीत जातं, आणि तिथून आपल्या नळाला. लोक शहाणपणाने पाणी उकळून पितायत. उकळून जंतू मरतात, औषध कुठे जातंय?

या सगळ्या शहराच्या पाण्याची काळजी घेणारा एक माणूस होता, आणि त्यालाच मी चोर ठरवून बाहेर काढला. चौकशी संपेपर्यंत कंपनी त्यांना फाटकाच्या आत घेणार नाही, आणि चौकशी उभी आहे माझ्या सहा बाटल्यांवर.

पंधरा दिवस मी स्वतःला समजावत होते. हा कागद बाहेर आला तर आमच्या प्रयोगशाळेवर कोण विश्वास ठेवेल? कंपनीचे वकील बाईंचा निकालही उडवून लावतील. तेव्हा लोकांच्या भल्यासाठी गप्पच बसावं. किती शहाणं वाटत होतं ते! मग मला माझाच संशय आला. तुमच्या दोघांवर घेतला त्याच्या दसपट, आणि या वेळी तो खरा निघाला. लोकांचं भलं कसलं, मला माझी नोकरी सांभाळायची होती.

तो कागद या पाकिटात आहे. माझ्या अक्षरातली रेघ आणि शेरा त्यावर आहे, दुसरी प्रत नाही. उद्या मीच जाऊन देते असं लिहिणार होते, पण "उद्या" मी पंधरा दिवस म्हणतेय. म्हणून भाऊजींना घेऊन तू जा आणि केमिस्टबाईंच्याच हातात दे, आमच्या साहेबांच्या नको. पोस्टात टाकल्यावर मला पस्तावा होणार, हे मला आत्ताच दिसतंय. मी तुझ्या दारात येईन. रडेन. नोकरी गेली तर बाबांच्या गोळ्या कुठून आणू म्हणेन, त्यांची शपथ घालेन, तुझ्या पाया पडेन. काही झालं तरी कागद मला परत देऊ नकोस. दारच उघडू नकोस, ताई.

ज्या हातावर आता माझाही विश्वास नाही, त्या हाताने,
तुझी धाकटी