होकायंत्राखालची वायर

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. पण खडूने पांढरी झालेली तुमची बोटं लगेच दिसतात, आणि दिसतो तो तास. तुम्ही टेबलावर चुंबकसूची ठेवलीत, तिच्यावरून तांब्याची तार नेलीत आणि तारेची टोकं सेलला लावलीत. सुई वळली. बाकीच्या मुली वहीत आकृती काढत होत्या. मी नुसती बघत बसले, कारण त्या दिवसांत आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, आणि त्याचं कारण तशीच एक सुई होती.

उत्तनला आमची बोट होती, माझ्या बाबांची आणि मोठ्या काकांची मिळून. सुकाणू बाबांच्या हातात. त्या मोसमात बोट दोनदा वाट चुकली. पहाटेच्या अंधारात परतताना ती आपला किनारा सोडून भलतीकडे निघाली, आणि दुसऱ्या वेळी तर खडकाला घासून तळ फोडून आली. बाबांचं म्हणणं एकच, मी होक्याप्रमाणे चालवली. होका म्हणजे आमचं होकायंत्र. काकांनी दिवसाउजेडी होका तपासला, तो अगदी बरोबर निघाला. मग चूक माणसाचीच. बोट दुरुस्त झाली की सुकाणूवर दुसरा माणूस बसेल, असं काकांनी सांगून टाकलं. बाबा दारासमोर जाळी शिवत बसायला लागले. एकदा ते आईला हळूच म्हणाले, "मला दिसत नसंल आता." काकांच्या रागाची मला भीती नव्हती. बाबांनीच ते कबूल करून टाकलं, त्याची वाटली.

तास संपल्यावर मी तुमच्यामागे आले. बोटीवर नवा दिवा बसवलाय, बॅटरीवरचा, त्याची वायर होक्याजवळून जाते, तर होकाही असाच वळेल का, असं विचारलं. तुम्ही सरळ हो म्हणू शकला असता. "मला माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "बघायला हवं. रविवारी येऊ का?"

रविवारी भरदुपारी तुम्ही भाईंदरहून बसने येताय, चपला हातात घेऊन चिखलातून चालताय. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास तुम्हाला झेपत नाहीये, तरी नाकाला पदर लावत नाही. आईने पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता तुम्ही थेट बोटीवर चढलात आणि काकांना दिवा लावायला सांगितलंत. भरदुपारी दिवा कशाला, असं ते पुटपुटले, पण बटण दाबलं. सुई सरकली, आणि चांगलीच सरकली. बटण बंद केलं, सुई जागेवर आली. काकांनी स्वतः पुन्हा लावून पाहिलं, बंद करून पाहिलं. दिवसा दिवा बंद, तेव्हा होका खरा. अंधारात दिवा चालू, की तो खोटं दाखवणार. वायरमनने एक वायर होक्याच्या खालून आडवी नेली होती आणि दुसरी दूर छताच्या कडेने. तुम्ही त्या दोन्ही जवळ आणायला लावल्यात आणि एकमेकींना पीळ दिलात. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते, दोघींचा जोर एकमेकींना मारतो, असं तुम्ही सांगत होतात. मग दिवा लावला, सुई जवळजवळ हललीच नाही.

काकांनी दिवा बंद केला. मग बाबांना म्हणाले, "तुझे डोले बरे हाईत. माझंच चुकलं." बाबा सुकाणूवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

बसस्टॉपवर मी तुम्हाला विचारलं की सुई तारेकडे ओढली का जात नाही, आडवीच का वळते. तुम्ही हसलात. कशी वळते ते नियमाने सांगता येतं, का वळते ते मलाही नीट कळलेलं नाही, म्हणालात. मोठ्या माणसाने इतक्या आनंदाने 'माहीत नाही' म्हणताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बहुतेक त्या बसस्टॉपवरच मी या विषयाची झाले.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं समुद्रावर गेले. तुमच्या जाण्याची बातमी मला कॉलेजात असताना कळली, तीही उशिरा. आता मी शांती नगरजवळच्या एका एमआरआय सेंटरमध्ये मशीन चालवते. पेशंट विचारतात, ये आवाज किस चीज की है, आणि मी मोडक्यातोडक्या हिंदी-गुजरातीत सांगते की आत तारांची वेटोळी आहेत, वीज चालू-बंद होते तशी ती थरथरतात. मोठ्या चुंबकाचंही सांगते. त्याच्या तारा इतक्या थंड ठेवलेल्या असतात की त्यांत एकदा वीज सोडली की झालं. नंतर तिला कुणी ढकलत नाही, ती वर्षानुवर्षं आपली फिरत राहते. हे मी रोज ठामपणे सांगते, लोक मान डोलावतात. खरं म्हणजे, बाई, मला त्याची गणितं येतात, पण त्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. संध्याकाळी सगळे गेले की मी मशीनच्या खोलीच्या बंद दाराला हात लावून थोडा वेळ उभी राहते, आत ती वीज फिरतेय का ते कळेल म्हणून. अजून एकदाही कळलेलं नाही.